आमची वाटचाल : आधी उलटी बाजू बघा

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की आम्ही फ्रॉक उलटा करूनच त्याच्या हातात देतो. बरेच जण गोंधळतात. पण सुलट बाजू बघायची ती मोठ्यांनी. बाळाच्या अंगाला लागते ती उलटी. ती टोचली की बाळ किरकिरतं आणि घरचे म्हणतात, दात येत असतील.

हे शहाणपण मला उशिराच आलं. सुरुवात झाली भाचीच्या बारशाला शिवलेल्या खणाच्या झबल्यापासून. सांगलीतलं गावभागातलं घर, आईचं पायमशीन आणि माझा दांडगा उत्साह. झबलं दिसायला देखणं, पण डोक्यातून उतरेचना. पोर रडून लालबुंद, पाहुणे ताटकळलेले. शेवटी आईने कात्री घेतली आणि मागून गळा सरळ चिरला. मोठ्यांचा ब्लाउज लहान करून झबलं होत नाही, हे त्या दिवशी कळलं. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर 45-46 सेंटीमीटर भरतो, छातीचाही जवळजवळ तेवढाच. गळा मागून उघडा हवा, नाहीतर खांद्यावर बटणं हवीत.

पुढे कटिंगला एक मास्तर मिळाले, काज-बटणाला शेजारच्या दोन काकू आल्या आणि घरातली खोली पुरेना.

खण आम्ही गुळेदगुड्डचा आणतो, बागलकोट जिल्ह्यातला. त्याचा पन्हा लहान, कारण तो विणला जायचा चोळीसाठी. परकराचा घेर काढायचा तर जोड आलाच. तो चुणीच्या पोटात लपवणं हे मास्तरांचं कसब. शिवाय खण आतून खरखरतो, म्हणून मलमलचं अस्तर. पहिल्या वर्षी ते न भिजवता लावलं. एका धुण्यात अस्तर आटलं, वरचा खण तसाच राहिला आणि परकर पापडासारखा वाकडा झाला. तेव्हापासून दोन्ही कापडं रात्रभर पाण्यात, सावलीत वाळवून मगच बेतायची.

शिलाईच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आम्ही शिवणारे ‘माया’ म्हणतो. तयार कपड्यात ती बहुतेक वेळा ओव्हरलॉकच्या, म्हणजे कड न उसवण्यासाठी मारलेल्या शिलाईच्या, पट्टीपुरती असते. आम्ही दोन्ही कुशींना इंचभर सोडतो आणि परकराला खाली दोन टक, म्हणजे शिवलेल्या आडव्या घड्या, घालतो. मूल रुंदीपेक्षा उंचीला भराभर वाढतं, त्यामुळे टक उसवला की परकर आणखी वर्षभर चालतो. अडचण एकच. घडीतलं कापड ऊन-साबणापासून वाचलेलं असतं, म्हणून उसवल्यावर गडद पट्टा दिसतो. त्याच्या कडेने आम्ही वेगळ्या रंगाचा धावदोरा घालतो. मग तो मुद्दाम केल्यासारखा वाटतो. या कामाचे पैसे घेत नाही. आमचे हिशेबनीस कपाळाला हात लावतात. त्यांच्या मते एकच परकर तीन वर्षं चालवणारा दुकानदार शहाणा नव्हे. असेल त्यांचं खरं.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा घरात आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कारखाना तळमजल्यावर. मी तागे उचलत होते आणि मास्तर आधी कापड बेतायचे फर्मे माळ्यावर नेत होते, पुठ्ठ्याचे, वयावार दोरीने बांधलेले. मी त्यांच्यावर ओरडले, पुठ्ठे कसले वाचवताय! पाणी ओसरल्यावर बघतो तर लाल खणाचा रंग शेजारच्या पांढऱ्या मलमलभर उतरलेला, तागे चिखलाने जड झालेले, मशीनच्या मोटारी गेलेल्या. फर्मे मात्र कोरडे. कापड उधारीवर मिळालं. फर्मे गेले असते तर सगळी मापं पहिल्यापासून बसवावी लागली असती. आता सगळं वरच्या मजल्यावर आहे.

लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले, त्यावर वेगळं काय लिहायचं.

जर्मनीतल्या एका मराठी ताईंनी कुंच्या मागवल्या, तिथल्या ओळखीच्या दुकानात ठेवायला. दुकानदाराने घेतल्या नाहीत. युरोपात ईएन 14682 नावाचं मानक आहे. त्यानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत टोपीशी आणि गळ्याशी बांधायचे बंद चालत नाहीत, कुठे अडकून गळा आवळला जाऊ नये म्हणून. मला रागच आला. पिढ्यान्‌पिढ्या आपण कुंचीचे बंद हनुवटीखाली बांधतो, हे कोण आम्हाला शिकवणार? मास्तर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदाऐवजी टिचबटणाची पट्टी लावून आणली, ओढली की सुटणारी. आता सांगलीतही आम्ही तशीच कुंची विकतो. क्वचित एखाद्या आजी बंदच हवेत म्हणून अडून बसतात.

किमतीचं म्हणाल तर 1,000 रुपयांच्या वर गेलं की 5 ऐवजी 12 टक्के जीएसटी, म्हणून परकर-पोलकं त्याच्या आत बसवायची कसरत बरीच वर्षं केली. 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांची ती मर्यादा 2,500 झाली, तेव्हा अस्तराला पुन्हा चांगली मलमल आली.

खिसा मात्र आमची कल्पना नव्हे. पाच वर्षांच्या एका मुलीने ट्रायलला परकर घातला, दोन्ही हात कुशीशी फिरवले आणि विचारलं, ‘‘खिसा कुठाय?’’ तेव्हापासून प्रत्येक परकराला एक असतो. मागच्या आठवड्यात टक उसवायला आलेल्या एका परकराच्या खिशात सात चिंचोके निघाले. काकूंनी ते मोजून पुडीत बांधले आणि परकरासोबत परत पाठवले.