मतदान बंद होण्याच्या आत

अमेरिकेत दरवर्षी भरणाऱ्या बाउचरकॉन या रहस्यकथांच्या संमेलनात पुस्तकविक्रेत्यांसाठी एक मोठे दालन राखून ठेवलेले असते. मी ज्या दुकानात नोकरी करते ते फक्त गुन्हेकथा आणि रहस्यकथा विकते, आणि त्या दालनात आमचे टेबल असते. संमेलनाचे दिवस आम्हाला वर्षभरात सर्वांत जास्त दमवतात, आणि मला स्वतःला सर्वांत प्रिय असतात. काही वर्षांपूर्वी एका संमेलनाच्या शुक्रवारी जे घडले, त्यातून वाचकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार प्रत्यक्षात कशावर उभा असतो, हे मला विक्रेती म्हणून पाहायला मिळाले.

ज्यांच्या नावाने हे संमेलन भरते ते अँथनी बाउचर स्वतः फार मोठे वाचक होते. त्यांचे खरे नाव विल्यम अँथनी पार्कर व्हाइट. जन्म 1911 चा, मृत्यू 1968 चा. त्यांनी रहस्यकथा लिहिल्या, विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या एका मासिकाचे सहसंस्थापक आणि संपादक म्हणून काम केले. पण रहस्यकथेच्या जगात त्यांचा खरा दबदबा होता तो 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील परीक्षणांमुळे. अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांची इंग्रजीत प्रसिद्ध झालेली पहिली कथा 1948 साली एका रहस्यकथा मासिकात आली, आणि तिचा अनुवाद बाउचर यांनीच केला होता. चांगली कथा कोणत्या दालनातून येते याची फिकीर न करणारा, आणि ती वाचकापर्यंत पोहोचवण्यासाठी झटणारा हा माणूस गेल्यावर, त्यांच्या स्मरणार्थ 1970 मध्ये सांता मोनिका येथे पहिले संमेलन भरले. 1986 पासून त्यात अँथनी पुरस्कार दिले जाऊ लागले.

या पुरस्कारांची निवड कोणतीही परीक्षकांची समिती करत नाही. एडगर पुरस्कार 'मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका' ही लेखकांची संघटना देते, आणि तिथे लेखकांच्याच समित्या पुस्तके वाचून निर्णय करतात. अँथनीच्या बाबतीत संमेलनाला नाव नोंदवलेली माणसे आधी नामांकने पाठवतात, आणि अंतिम यादीतील पुस्तकांवर मत देतात ते संमेलनाला आलेले लोक. त्यांत लेखक आणि संपादक असतात, तसेच निवृत्त शिक्षिका, ग्रंथपाल, परिचारिका, ट्रकचालक असेही असतात. अशा पुरस्काराला फक्त लोकप्रियतेची पावती म्हणून हिणवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे हे मी मान्य करते. ज्याचे पुस्तक जास्त हातांत पोहोचले त्याला जास्त मते मिळण्याची शक्यता असणारच. मोठे प्रकाशक संमेलनात पुस्तके फुकटही वाटतात. छोट्या प्रकाशकाला ते परवडत नाही.

आमच्या धंद्यातली एक अडचण यात भर घालते. पुरस्कारासाठी विचार होतो तो आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांचा, आणि संमेलन भरते बहुधा उन्हाळा सरता सरता किंवा शरद ऋतूत. तोवर कापडी बांधणीच्या न खपलेल्या प्रती दुकानांनी प्रकाशकाकडे परत पाठवलेल्या असतात, कारण अमेरिकेत न विकलेली पुस्तके परत करण्याची सोय बहुतेक मोठ्या प्रकाशकांकडे असते. म्हणजे ज्या आठवड्यात नामांकित पुस्तकाला सर्वांत जास्त मागणी येते, त्याच आठवड्यात ते मिळणे कठीण झालेले असते. थेट पेपरबॅकमध्ये निघालेल्या पुस्तकांसाठी अँथनीचा वेगळा विभाग आहे, आणि त्यात छोट्या प्रकाशनसंस्थांची पुस्तके नेहमी दिसतात. यांतली काही पुस्तके मागणी आली तशी छापली जातात. त्यांवर विक्रेत्याला कमिशन कमी मिळते आणि ती परतही घेतली जात नाहीत. अशा पुस्तकाच्या प्रती मागवताना दुकानदार दहा वेळा विचार करतो.

त्या वर्षी या विभागात एका नवख्या लेखिकेची कादंबरी होती. आमच्या मालकीणबाईंना ती मनापासून आवडली होती आणि त्यांनी धाडस करून तिच्या भरपूर प्रती मागवल्या होत्या. ते खोके थेट हॉटेलवर यायचे होते. गुरुवारी दालनात टेबल मांडताना बाकी सगळी खोकी उघडून झाली, तरी ते आले नव्हते. चौकशी केल्यावर कळले की कुरियरने ते दुसऱ्याच राज्यातील गोदामात उतरवले आहे आणि सोमवारच्या आत ते मिळणार नाही. संमेलन रविवारी संपणार होते. आमच्याजवळ दुकानाच्या फळीवरून उचलून आणलेल्या मोजक्या प्रती तेवढ्या होत्या.

शुक्रवारी सकाळी त्या लेखिकेचा परिसंवाद होता. बाउचरकॉनमध्ये एकाच वेळी अनेक खोल्यांत परिसंवाद चालतात. साधारण पाऊण-एक तास बोलणे होते, मग लेखक स्वाक्षऱ्यांच्या दालनात बसतात, आणि वाचक त्याआधी आमच्याकडे धाव घेऊन पुस्तक विकत घेतात. त्यामुळे कोणाचे बोलणे रंगले हे आम्हाला टेबलामागे उभ्या उभ्या कळते. ही बाई लिहू लागण्यापूर्वी विमा कंपनीत आगीच्या दाव्यांचे काम पाहत असत. त्या काय बोलल्या ते मला नंतर रांगेतल्या माणसांनीच सांगितले. जळालेल्या घरातील खिडकीच्या काचेवर बारीक तड्यांचे जाळे दिसले, की कोणीतरी पेट्रोलसारखे काही ओतून घर पेटवले असा निष्कर्ष तपासनीस वर्षानुवर्षे काढत आले होते. 1991 साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या वणव्यानंतर जळालेल्या घरांची पाहणी झाली, पुढे प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या, आणि दिसून आले की तापलेल्या काचेवर आग विझवणाऱ्यांचे पाणी पडून ती एकदम गार झाली की असे जाळे उमटते. दरम्यान असल्या पुराव्यांवर माणसे तुरुंगात गेली होती. त्यांची कादंबरी अशाच एका शिक्षेभोवती उभी होती. त्यांनी हे सगळे आवाज न चढवता, कार्यालयातील अहवाल वाचावा तसे सांगितले, आणि खोली स्तब्ध झाली, असे एका ग्रंथपाल बाईंनी मला सांगितले.

परिसंवाद संपल्यावर काही मिनिटांत आमच्या सगळ्या प्रती संपल्या. दोन प्रती एका संग्राहकाने घेतल्या. हे गृहस्थ दरवर्षी येतात. एक प्रत वाचायला आणि एक जपून ठेवायला घेणे हा त्यांचा रिवाज आहे; जपायच्या प्रतीवर लेखकाची फक्त सही हवी असते, 'अमक्यास सप्रेम' असे काही लिहिलेले त्यांना चालत नाही, कारण त्याने संग्राहकांच्या बाजारात तिची किंमत कमी होते. त्यांच्यामागे रांग तशीच उभी होती, आणि मी एकेकाला खोके कुठे अडकले आहे ते सांगत होते.

रांगेत एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी हातातली यादी मला दाखवली. त्या विभागातील पाच पुस्तकांपैकी चार त्यांनी वाचून संपवली होती, पाचवे हे होते. त्या म्हणाल्या, "मतदान उद्या दुपारी बंद होतंय. पाचही वाचल्याशिवाय मी या विभागात मत देणार नाही. न वाचता कोणाला डावलायचा मला काय अधिकार?" त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. त्यांनी स्वतःसाठी एक नियम घातला होता, आणि तो पाळता येत नाही म्हणून त्या मतपत्रिकेतील तेवढा भाग कोरा सोडणार होत्या. मला त्या क्षणी फार वाईट वाटले. विक्री बुडाली हे खरेच होते, पण ज्या मतदाराच्या भरवशावर हा पुरस्कार चालतो, तोच मतदार आमच्या टेबलापाशी येऊन परत फिरत होता.

संग्राहक अजून बाजूलाच उभे होते. त्यांनी पिशवीतून एक प्रत काढली आणि त्या बाईंना देऊ केली. मला वाटले, ती वाचायची प्रत असेल. पण वाचायच्या प्रतीची पाने त्यांनी रांगेत उभे असतानाच उलटायला सुरुवात केली होती आणि ती त्यांना सोडवत नव्हती. दिली ती कोरी, जपायची प्रत. पेपरबॅक एकदा पूर्ण वाचले की कण्यावर वळी पडते आणि संग्राहकाच्या दृष्टीने ते पुस्तक बाद होते, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. ते एवढेच म्हणाले, "वाचून झालं की पुढच्याला द्या."

यातून पुढचे सगळे घडले. मी रोखीच्या वहीची मागची पाने उघडून त्यावर नावे लिहू लागले. ज्यांनी हे पुस्तक आधीच वाचले होते आणि सोबत आणले होते, अशा काही वाचकांनी आपापल्या खोलीतून प्रती आणून दिल्या. मात्र माझ्या मनात एक शंका आली. नामांकित पाच पुस्तकांपैकी एकाच पुस्तकाची अशी सोय आमच्या टेबलावरून झाली, तर तो त्या लेखिकेचा प्रचार ठरेल, आणि उरलेल्या चौघांवर तो अन्याय होईल. मालकीणबाईंशी बोलले तेव्हा त्यांचेही हेच मत पडले. मग आम्ही टेबलाच्या कडेला पाचही पुस्तकांची नावे सारख्या अक्षरांत लिहिलेला कागद लावला, आणि ज्याला जे वाचायचे राहिले असेल ते त्याने मागावे, ज्याच्याजवळ असेल त्याने द्यावे, असे सांगितले. कोणते पुस्तक चांगले आहे, असे कोणी विचारले तर त्या दोन दिवसांत आम्ही उत्तर द्यायचे नाही, हेही ठरले. शिफारस करणे हेच ज्याचे काम आहे त्याला असे गप्प बसणे किती कठीण जाते, ते पुस्तकविक्रेत्यालाच कळेल.

लेखिकेला हे विचारणे आवश्यक होते, कारण उसनी दिलेली प्रत म्हणजे तिची बुडालेली विक्री. स्वाक्षऱ्या संपवून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना वही दाखवली. त्यांनी परवानगी दिली, आणि आतल्या पानावर चिकटवता येतील अशा सह्या केलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आमच्याकडे ठेवला. ज्यांना पुस्तक विकत हवे होते त्यांच्याकडून आम्ही पैसे आणि पत्ता घेऊन ठेवला. खोके मिळाले की चिठ्ठी चिकटवून पुस्तक टपालाने पाठवायचे, असे ठरले. छोट्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकाला हे करावेच लागते, पण त्यांनी ते ज्या सहजतेने केले त्याचे मला कौतुक वाटले.

संध्याकाळपर्यंत वहीची पाने भरली. पुस्तक कोणाकडे आहे, कोणत्या खोलीत आहे, पुढे कोणाला द्यायचे आहे, असे सगळे तिच्यात होते. रहस्यकथा झपाट्याने वाचता येते याचा असा उपयोग होईल असे मला कधी वाटले नव्हते. हॉटेलच्या बारमध्ये, जिथे या संमेलनाची खरी गप्पाष्टके रंगतात, तिथेही त्या रात्री काही टेबलांवर माणसे न बोलता वाचत बसली होती. शेवट कोणी कोणाला सांगायचा नाही हा या मंडळींचा अलिखित कायदा आहे, आणि तो इतका कसोशीने पाळला गेला की एक प्रत तीन वाचकांच्या हातांतून गेली तरी तिसऱ्याला गुन्हेगाराचा सुगावा लागला नव्हता.

शनिवारी सकाळी परिचारिका बाई पुस्तक परत घेऊन आल्या. त्यांनी पुढच्या वाचकाचे नाव विचारले, स्वतः जाऊन त्याच्या हाती पुस्तक दिले आणि मगच मत द्यायला गेल्या. दुपारी मतदान बंद झाले. संध्याकाळी पुरस्कार जाहीर झाले तेव्हा त्या विभागात दुसऱ्याच पुस्तकाचे नाव निघाले.

मला हळहळ वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण रविवारी आवराआवर करताना परिचारिका बाई पुन्हा आल्या आणि आपण होऊन म्हणाल्या की त्यांचे मत या कादंबरीला नव्हते. तिची पहिली शंभर पाने त्यांना असामान्य वाटली, पण न्यायालयातील शेवट त्यांना घाईत उरकलेला वाटला. मालकीणबाईंना ती कादंबरी जीव की प्राण, त्या वाद घालू लागल्या. दोघी अर्धवट भरलेल्या खोक्यांमध्ये उभ्या राहून शेवटच्या प्रकरणाबद्दल बराच वेळ भांडल्या. लोकप्रियतेची पावती म्हणून या पुरस्काराला नावे ठेवणाऱ्यांनी हा वाद ऐकायला हवा होता, असे मला फार वाटले. पुस्तक रात्रभर जागून वाचणे, त्यातले उणे नेमके सांगता येणे आणि मग मनाला पटेल तिथेच मत टाकणे, याहून जास्त आपण कोणत्या परीक्षकाकडून अपेक्षा करतो?

हरवलेले खोके पुढच्या आठवड्यात आमच्या दुकानात आले. आगाऊ पैसे दिलेल्यांची पुस्तके आम्ही आधी रवाना केली. संग्राहकांना त्यांच्या वळी पडलेल्या प्रतीच्या बदल्यात सही केलेली कोरी प्रत पाठवली; त्यांनी ती ठेवून घेतली आणि बऱ्याच हातांतून फिरलेली जुनी प्रत पुढच्या संमेलनासाठी आमच्याकडेच राहू दिली. आता अंतिम यादी जाहीर झाली की त्या विभागातील पाचही पुस्तके आम्ही त्याच आठवड्यात मागवतो, विक्रीच्या प्रती कुरियरवर न सोपवता दुकानाच्या गाडीतून नेतो, आणि टेबलाच्या कडेला प्रत्येकाची एक प्रत फक्त वाचण्यासाठी ठेवतो. परत न जाणाऱ्या पुस्तकांचा तोटा काही वर्षी सोसावा लागतो. मालकीणबाई तो संमेलनाच्या खर्चात धरतात.