वैनी, किती सीसी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या डाव्या छातीत ऑपरेशन करून इम्प्लांट, म्हणजे छाती भरून दिसायला घालतात ती कृत्रिम पिशवी, बसवलंय. त्याबद्दल ट्रायलच्या पडद्याआड, हूक लावता लावता, आवाज खाली करून हा प्रश्न येतो: "वैनी, तुम्ही किती सीसी घातलं?" मी एकाच गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. सांगलीत हळदीचा भाव आणि बायकांची गोष्ट एकाच वेगानं फिरते.

गावभागात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. माझी डावी बाजू वयात येताना वाढलीच नाही. उजवी नीट भरली, डावी तशीच राहिली. लग्नाच्या आधीपासून मी स्वतःच्या डाव्या कटोरीत स्पंज आणि अस्तराचे पदर घालून शिवत आले. तसं बघितलं तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेली बाई माझ्या टेपेनं अजून पाहिलेली नाही. कुणाला इकडं टक्स पाव इंच जास्त, कुणाला तिकडं. पण माझा फरक पाव इंचाचा नव्हता.

आकडा मी सांगत नाही. लपवायचं काही नाही, पण माझं माप लावून तुमचा ब्लाऊज कापला तर तुम्हीच मला शिव्या घालाल. सीसी म्हणजे इम्प्लांटमध्ये किती मावतं एवढंच. अडीचशे सीसी म्हणजे जवळपास पाव किलो. तेच पाव किलो रुंद बैठकीच्या इम्प्लांटमध्ये पसरून बसतं, अरुंद बैठकीच्या इम्प्लांटमध्ये टोकदार पुढं येतं. तुमच्या छातीची बैठक किती सेंटिमीटर रुंद, यावरून निम्मा निर्णय झालेला असतो. आणि "मला चौतीस डी करा" असं डॉक्टरला सांगून उपयोग नाही, कारण ब्राच्या कपाचं माप दर कंपनीचं वेगळं. हे तर मी रोज बघते.

पहिल्या डॉक्टरांकडं गेले तेव्हा दहा मिनिटांत फोटोंचा अल्बम, एक आकडा आणि "पॅकेज" हातात पडलं. टेप निघालीच नाही. माप न घेता कापड कापणाऱ्याकडं मी साडीचा फॉलसुद्धा टाकणार नाही. उठून आले. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी टेप काढली आणि मला माझ्या धंद्यातलं माणूस भेटल्यासारखं झालं. बैठकीची रुंदी, बोंडापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर, कातडी किती ताणते, सगळं लिहून घेतलं. मग वरच्या बाजूला चिमटीत धरून बघितलं. चिमटीत दोन सेंटिमीटरही भरेना, म्हणजे नुसत्या कातडीखाली इम्प्लांट ठेवलं तर कड दिसणार. म्हणून ते छातीच्या स्नायूखाली ठेवायचं ठरलं. त्यात पहिले काही दिवस दुखणं जास्त, आणि हातानं जोर लावला की छाती थोडी हलते. कात्री चालवणाऱ्या बाईनं हे आधी विचारून घ्यावं. मी विचारलं होतं.

(पाटीवर नुसतं "कॉस्मेटिक सर्जन" असेल तर डिग्री विचारा. प्लास्टिक सर्जरीतलं एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. असलेलं माणूस बघा. लाजू नका.)

छेद कुठं घ्यायचा हे मात्र मी तिथल्या तिथं सांगितलं: खालच्या घडीत. काखेतूनही घेतात, बोंडाभोवतालच्या काळ्या कडेनंही घेतात. पण ब्लाऊजची खालची पट्टी नेमकी घडीवर बसते, व्रण कायमचा तिच्या आड. सुरुवातीला तीच पट्टी तिथं घासते, म्हणून पहिले दोन महिने मी स्वतःसाठी मऊ सुती, बिनतारेचं शिवलं.

माझ्यासाठी खरा पेच उजव्या बाजूचा होता. डावीकडं इम्प्लांट घालून उजवी तशीच ठेवायची, की उजवी थोडी कमी करून उचलून घ्यायची? पोटाची चरबी काढून डावीकडं भरायचाही पर्याय होता. पण भरलेल्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं, एका खेपेत भागेलच असं नाही. शिवाय माझ्या पोटावर काढण्यासारखं होतं तरी काय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उजवी वयानं उतरणार, डावी तशी उतरणार नाही. आज जुळवलेलं पुढं परत बिनसेल." मला हे लगेच कळलं. शिवणात आम्ही माया, म्हणजे पुढं लागेल म्हणून जादा कापड, सोडतो ती याचसाठी. उजवीला मी हात लावू दिला नाही.

माया पैशातही सोडा. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. भोवती शरीर स्वतःची एक पिशवी तयार करतं, कधी ती आवळून घट्ट होते, कधी इम्प्लांट आतून फाटतं आणि बाहेरून काही कळत नाही. सिलिकॉनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी, असं अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, सांगते. मी पहिल्या ऑपरेशनचे पैसे जमवण्याआधी दुसऱ्याचं खातं उघडलं. मालक हसले. हसू देत.

खरं तर ऑपरेशन 2019 सालीच व्हायचं होतं. जुलैत बातमी आली की ॲलर्गन कंपनीनं बायोसेल नावाचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्यांच्याभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, होताना दिसला होता. मी घाबरून थांबले. ऑगस्टात कृष्णेचा पूर दुकानात शिरला. मशिनी, गिऱ्हाइकांचं कापड आणि साठवलेले पैसे, सगळं त्यात गेलं. शेवटी 2023 च्या जानेवारीत, पौषात केलं, कारण पौषात लग्नाचे ब्लाऊज नसतात. तोवर काय विचारायचं ते पाठ झालं होतं: पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, कंपनी कुठली, इम्प्लांटच्या नंबराचं कार्ड मिळेल का. ते कार्ड आज रेशनकार्डाबरोबर ठेवलंय. मॅमोग्राफीला, म्हणजे छातीच्या एक्स-रे तपासणीला, जाल तेव्हा इम्प्लांट आहे हे आधी सांगायचं, ते वेगळ्या पद्धतीनं फोटो घेतात.

बिलाचं एक. निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर तेव्हा, 2023 साली, अठरा टक्के जीएसटी लागायचा. जन्मजात किंवा वाढीतला दोष, नाहीतर अपघातानं बिघडलेलं नीट करायचं असेल, तर तो माफ आहे. माझ्या कागदावर तसं लिहिलेलं होतं.

आणि आकडा हवाच असेल, तर अस्तराच्या पुरचुंड्या शिवा, औषधाच्या मापानं मोजून तांदूळ भरा, ब्रात घालून आठवडाभर घरात वावरा. जिना चढा, भांडी घासा, आरशात बघा. मी तीन मापांच्या केल्या होत्या आणि सर्वांत मोठी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. पुरचुंड्या अजून दुकानात आहेत, लागल्या तर घेऊन जा. तांदूळ मात्र तुमचे आणा, माझ्यातल्याला पोरकिडे झाले.