आमची वाटचाल : कुमारटुली ते मुंबई

आमचा मूर्तींचा कारखाना मुंबईत तिसऱ्या पिढीचा. आजोबा पूर्व बंगालचे. 1947 च्या फाळणीनंतर तिकडचे बरेच मूर्तिकार उत्तर कोलकात्यात, कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीत येऊन राहिले, आजोबा त्यांतलेच. पुढे इथल्या बंगाली मंडळांच्या दुर्गापूजेसाठी ते पावसाळ्यात मुंबईला यायचे आणि दसरा झाला की परत जायचे. वडिलांनी इथेच शेड घेतली आणि गणपतीचंही काम धरलं.

पद्धत मात्र बंगालचीच ठेवली. शाडूचा गणपती साच्यात दाबून किंवा हाताने घडवतात. आमच्या मूर्तीच्या पोटात पेंढा असतो. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने करकचून आवळलेला भाताचा पेंढा आणि वर माती. पेंढा हाताने झोडलेल्या भाताचाच हवा. मशीनमधून निघालेला तुकडे तुकडे होतो, त्यावर सुतळी पकड घेत नाही. बांधणी सैल राहिली की माती वाळून आकसताना पेंढा दबतो आणि पहिला तडा खांद्याशी जातो.

माती दोन प्रकारची, चिकट एंटेल आणि रेताड बेले. पहिला थर इंचभर, एंटेलमध्ये चौथा हिस्सा तूस मिसळून. तो वाळताना भेगाळणारच, भेगाळू द्यायचा. दुसऱ्या थरात निम्मी बेले. मग पातळ गाऱ्यात बुडवलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या सांध्यांवर आणि उरलेल्या भेगांवर चिकटवायच्या. चेहरा साच्यातून काढतो. बोटं वेगळी घडवून वाळवतो आणि मागाहून जोडतो.

मुंबईत खरी कसोटी वाळवणीची. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ब्लो लॅम्प, म्हणजे ज्वाळेचा दिवा, फिरवला की वरची माती बघता बघता पांढरी पडते, मंडळवाले खूश होतात, पण आतला पेंढा ओलाच असतो. ती ओल नंतर रंगाखालून वर येते : फोड, पोपडे, बुरशीचा वास. त्यामुळे पाठीकडचा भाग आम्ही शेवटपर्यंत लिंपत नाही, तिथून पंख्याचा वारा आत जाऊ देतो. लॅम्प फक्त जोडलेल्या बोटांपुरता. अधिक आश्विन आला, जसा 2020 मध्ये, की गणेश चतुर्थीनंतर नवरात्रापर्यंत अख्खा महिना जास्त मिळतो आणि तोही उन्हाचा. असं वर्ष देवीनेच द्यावं लागतं.

रंगाआधीचा पांढरा हात खडूची भुकटी आणि चिंचोक्याची खळ यांचा. खळ पातळ झाली तर पांढरा हाताला लागतो, दाट झाली तर सालपटं निघतात. शिळी तर वापरूच नये. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी.

आता मराठी मंडळांच्या ऑर्डरी जास्त आहेत. बंगाली दुर्गेला दहा हात, तुळजाभवानीला आठ, सप्तशृंगीला अठरा. मंडळं घासाघीस करतात ती फुटांवर. आम्ही दर हातांवर धरतो, कारण प्रत्येक हाताचा बांबू मुख्य सांगाड्यात रोवावा लागतो आणि मूर्ती तडकते ती त्याच जागी. अठरा हातांचं वजन एकट्या पाठीवर पेलत नाही, मागे आडवी पट्टी द्यावी लागते. सांगाड्याची पूजा बंगालच्या रिवाजाप्रमाणे रथयात्रेला, आषाढ शुद्ध द्वितीयेला होते. हातांची संख्या त्याआधी पक्की कळवावी. पेंढा बांधल्यावर हात वाढवून मिळत नाही.