चार-तृतीयांशाने खाल्लेले तीन आठवडे

डस्टी प्लाझ्मातल्या (धूलिकण मिसळलेल्या विद्युतभारित वायूतल्या) सॉलिटॉनचं, म्हणजे आकार न मोडता एकट्याने धावणाऱ्या लाटेचं, अवमंदन (हळूहळू विरणं) हा विषय हातात घेतला तेव्हा वाटलं होतं, खरा घाम समीकरण बांधताना निघेल. तसं काही झालं नाही. ती वाट वाशिमी आणि तानिउती यांनी १९६६ साली आयनांच्या लाटांसाठी मळवून ठेवली आहे. दोन दिवसांत केडीव्ही (कोर्तेवेग-द व्रीस) समीकरण, म्हणजे ज्यातून सॉलिटॉन निघतो ते लाटेचं समीकरण, कागदावर आलं. धूलिकण वायूच्या रेणूंवर आपटत राहतात, त्या घर्षणापोटी शेवटी एक जादा पद चिकटलं: विभव (विद्युत पोटेन्शियल, इथे लाटेची उंची) गुणिले न्यूचा (घर्षणाच्या दराचा) निम्मा. आठवड्याभरात कोडही चालू झाला. गाडी रुतली ती त्यानंतर, आणि त्याचं खापर मी शोधनिबंधांतल्या 'हे सहज दाखवता येते' या वाक्यावर फोडते. लिहिणाऱ्याला ते सहज असेल. माझे तीन आठवडे गेले.

या विषयात नवीन असाल तर थोडक्यात. प्लाझ्मात मायक्रॉनभर आकाराचे कण सोडले की एकेका कणावर हजारो इलेक्ट्रॉन जाऊन बसतात. कण इतके जड की त्यांची लाट सेकंदाला दहा-वीस हेलकाव्यांच्या घरात येते आणि लेझरच्या उजेडात साध्या कॅमेऱ्याने टिपता येते. या लाटेचं भाकीत राव, शुक्ला आणि यू यांनी १९९० साली केलं. बार्कन, मर्लिनो आणि दँजेलो यांनी ती १९९५ मध्ये प्रयोगात दाखवली.

तर माझा आकडा. केडीव्हीचे गुणक सोयीसाठी ६ आणि १ धरले, सॉलिटॉनचा वेग ४. म्हणजे उंची २, रुंदी १. न्यू ०.०२. (कणांवर ऋण भार असेल तर विभवाचा सॉलिटॉन खाली तोंड करून येतो. मी चिन्ह उलटवून घेतलं. हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढे प्रत्येक आलेखाशी भांडावं लागतं.) साधी, छोटी लाट न्यूच्या निम्म्या दराने विरते. तेव्हा उंचीच्या लॉगचा उतार ०.०१ यायला हवा, असं मी धरून चालले.

आधी तर रेषाच सरळ येईना. करवतीसारखे दाते. शंभर लांबीच्या पेटीत २५६ बिंदू, म्हणजे दोन बिंदूंत ०.३९ अंतर. सॉलिटॉनचं शिखर दोन बिंदूंच्या मधोमध सापडलं की वाचलेली उंची जवळपास चार टक्क्यांनी कमी भरते. सर्वांत उंच तीन बिंदूंतून पॅराबोला काढून शिखर मोजलं, दाते गेले. उतार आला ०.०१३३.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "कोड तपास. डॅम्पिंग कुठेतरी जास्त लागतंय." तपासला. काळाची पायरी निम्मी केली: ०.०१३३. बिंदू दुप्पट केले: ०.०१३३. न्यू शून्य केला तर उंची जागची हलत नव्हती. अरेषीय पद काढून टाकलं तर फूरिएचा प्रत्येक घटक (लाटेतली प्रत्येक सुटी साइन-लहर) बरोबर ०.०१ ने घटत होता. म्हणजे कोड चोख, आणि उत्तर तेवढं चूक! गुणोत्तर दर वेळी ४/३. इतका नेटका अपूर्णांक चुकीतून येत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मी मात्र पंधरा दिवस त्याच सत्तर ओळी वाचत बसले.

सुटलं ते कंटाळून विभवाच्या वर्गाचं संकलन मोजलं तेव्हा. ते बरोबर ०.०२ ने घटत होतं, अगदी समीकरण सांगतं तसं. मग पेन उचललं. सॉलिटॉनमध्ये उंची आणि रुंदी बांधलेल्या असतात: उंची गुणिले रुंदीचा वर्ग स्थिर. वर्गाचं संकलन म्हणजे उंचीचा वर्ग गुणिले रुंदी, म्हणजेच उंचीचा दीड घात. दीड घात न्यूच्या दराने घटतो, तर उंची दोन-तृतीयांश न्यूने घटणार. ०.०१३३. चार ओळी! बुटका होताना सॉलिटॉनला रुंदही व्हावं लागतं, म्हणून तो साध्या लाटेपेक्षा लवकर खचतो. ऑट आणि सुदान यांनी सॉलिटॉनच्या अवमंदनाचा हिशोब १९७० सालीच मांडला होता.

आनंदात दुसरं संकलन तपासलं, नुसत्या विभवाचं. एकूण बेरीज ०.०१ ने घटत होती, पण सॉलिटॉनची स्वतःची फक्त ०.००६७ ने. म्हणजे सॉलिटॉन एकट्याने एकूण बेरजेपेक्षा मोठा. मग उरलेलं ऋण कुठे होतं? माझ्या आलेखाचा उभा अक्ष मी नीटनेटका दिसावा म्हणून शून्यापासून सुरू केला होता. खाली ताणला तर सॉलिटॉनच्या मागे, जिथून तो निघाला तिथपर्यंत, शून्याखाली पसरलेलं उथळ शेपूट. तीन आठवडे ते तिथेच होतं.

पेटी लांब घ्या. शंभराची पेटी दोन्ही टोकांना जोडलेली असल्यामुळे काळ ३० च्या सुमारास सॉलिटॉन फेरी मारून आपल्याच शेपटावर चढला होता; तिथला उतार भलताच होता आणि मी तो सरासरीत घालत होते. ४०० केल्यावर शांतता.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायचं होतं: समीकरण बांधताना न्यू हा एप्सिलॉनच्या (लाट किती लहान ते मोजणाऱ्या छोट्या आकड्याच्या) दीड घाताचा धरा. एक घात धरलात तर ते पद हिशोबात वेळेआधीच घुसतं, दोन घात धरलात तर केडीव्हीत पोचतच नाही.

मॅडमना चार ओळी दाखवल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि विचारलं, "हे किती वेळ टिकतं?" सॉलिटॉन जसा रुंद आणि संथ होतो तसा त्याचा स्वतःचा काळ वाढत जातो, आणि न्यू मग त्यापुढे लहान राहत नाही. मी आलेख काळ ५० ला थांबवला आहे, आणि का ते चित्राखाली दोन वाक्यांत लिहिलं आहे. 'सहज' हा शब्द न वापरता.