गच्चीवरचा तापमान लॉगर: 16 मेगाहर्ट्झला रामराम

लॉगरचं घड्याळ ठरलं एकदाचं. चिप तीच, एटीमेगा328पी हा मायक्रोकंट्रोलर, पण त्याला ठोके देणारा 16 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल उपटून काढला. सीआर2032 सेलवर तो चालवणं नियमबाह्यच: 2.7 व्होल्टला डेटाशीटची (चिपच्या अधिकृत माहितीपत्रकाची) हमी 10 मेगाहर्ट्झची, 1.8 ला फक्त 4 ची. सेल उतरत जाणारच, म्हणून 4 धरले. चिपच्या आतलंच 8 चं घड्याळ, म्हणजे आरसी ऑसिलेटर, ठोके विभागणाऱ्या सीएलकेपीआर रजिस्टरमधून भागिले 2.

मग फॅक्टरीतून येतो तसा 1 वरच का नको? व्होल्टेज तेच असेल तर करंट घटतो खरा, पण काम तितकंच लांबतं, आणि तापमान मोजणारा थर्मिस्टर तेवढा वेळ करंट पीत बसतो. झटपट उरकून झोपलेलं बरं. व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या एडीसीला मात्र ही घाई लागू नाही. पूर्ण अचूकतेसाठी त्याला 50 ते 200 किलोहर्ट्झच हवेत. 125 वर 13 चक्रं, म्हणजे 104 मायक्रोसेकंद, प्रोसेसर कितीही पळाला तरी. तेवढ्या वेळात प्रोसेसरला नॉइज रिडक्शन मोडमध्ये झोपवतो.

रिकाम्या झालेल्या त्याच दोन पिनांवर 32.768 किलोहर्ट्झचा मनगटी घड्याळातला क्रिस्टल बसवला. त्याचे ठोके मोजतो चिपमधला टायमर2, प्रीस्केलर (ठोक्यांचा विभाजक) 1024: दर 8 सेकंदांनी ओव्हरफ्लो (मोजणी भरून पुन्हा शून्यावर), 75 ओव्हरफ्लो झाले की 10 मिनिटं. पॉवर-सेव्हमध्ये, म्हणजे टायमर2 चालू ठेवून घेतलेल्या झोपेत, डेटाशीटचा आकडा 1.8 व्होल्टला 0.75 मायक्रोअँपिअर. 225 एमएएचच्या सेलवर नुसत्या झोपेचा हिशेब 34 वर्षांवर जातो! (सेल त्याच्या कितीतरी आधी आपणहून मरेल.) वॉचडॉग या चिपमधल्या वेगळ्या टायमरनेही जागं करता येतं, पण तो 3 व्होल्टला चारेक मायक्रोअँपिअर खातो आणि वेळही धड पाळत नाही.

जागं झाल्यावर लगेच परत झोपवू नका. टायमर2 च्या एखाद्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहा, एएसएसआर या टायमरची स्थिती दाखवणाऱ्या रजिस्टरमधला त्याचा बिझी बिट उतरू द्या, मग झोप. नाहीतर जागं करणारा पुढचा इंटरप्ट येतच नाही.

मोजताना मल्टीमीटर मायक्रोअँपिअर रेंजवर असेल तर त्याच्या समांतर एक स्विच लावा. चिप जागी असताना मीटरवर इतकं व्होल्टेज पडतं की ती रिसेट होते. झोपल्यावर स्विच उघडायचा.

ब्राउन-आउट (व्होल्टेज पडलं की चिप रिसेट करणारा पहारेकरी) 1.8 वर ठेवलाय, झोपेत बंद. नाहीतर तो एकटाच टायमरच्या कित्येक पट खातो. आता ओएससीसीएएल, म्हणजे आरसीचा वेग जुळवायचं रजिस्टर. आरसी फॅक्टरीतून 10 टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, आणि 9600 बॉडच्या सीरियलला ते चालणार नाही. घड्याळाचा क्रिस्टल आहेच, त्याच्याशी ताडून जुळवतो.