पातेल्यातलं कॅल्शियम

डिसेंबरातली पहाट, रावेर तालुक्यातलं केळीच्या बागांमधलं एक वाडगं. फोनवर एवढंच कळलं होतं, "डॉक्टरभाऊ, गाय बसली ते उठेचना."

होल्स्टीन संकर, तिसरं वेत, आदल्या संध्याकाळी व्यालेली. मान वळवून तोंड कुशीत घातलेलं, मानेला तो ओळखीचा नागमोडी बाक. कान बर्फासारखे, नाकपुडी कोरडी, शेणाचा पत्ता नाही. थर्मामीटर लावला तर ताप सोडाच, अंग नेहमीपेक्षा थंड. या आजाराला 'मिल्क फिव्हर' नाव कुणी दिलं कोण जाणे.

"चीक किती काढला?"

"सगळा. आठ-नऊ लिटर निघाला," मालक कौतुकाने म्हणाला.

इथेच गणित चुकतं. या आजारात रक्तातलं कॅल्शियमच कमी पडतं. गाईच्या रक्तात एका वेळी कॅल्शियम असतं जेमतेम तीन ग्रॅम, आणि एवढ्या चिकातून वीसेक ग्रॅम निघून जातं. लिटरभर दुधासाठी कासेतून चार-पाचशे लिटर रक्त फिरतं. कास तर ओढणारच. हाडांत किलोंनी साठा असतो, पण कुलूप उघडायला पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक लागतं. शिवाय कास स्वतःही सिरोटोनिनमार्फत एक संप्रेरक सोडून हाडांकडे मागणी लावते. या सगळ्याला वेग यायला दिवस-दोन दिवस जातात.

मग मालकाने कपाटातून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटल्या दाखवल्या. "महिनाभर पाजलं, कमी कसं पडलं?" मी डोक्याला हात लावला. आयतं मिळत राहिलं की ती ग्रंथी सुस्तावते. वर केळीचे चिरलेले खांब रोज गव्हाणीत. त्यांत पोटॅशियम भरपूर, त्याने रक्त अल्कलीकडे झुकतं आणि हाडं संप्रेरकाचं ऐकेनाशी होतात. आमच्या भागात खांब फुकट मिळतो, त्यामुळे हे सांगून पटत नाही.

गाईला पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसवलं, मानेच्या शिरेत सुई घातली आणि कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली, कोमट करून, थेंबाथेंबाने सोडली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घाई केली होती आणि ठोके अडखळताना ऐकले होते. तेव्हापासून एक कान कायम स्टेथोस्कोपला.

१८९७ साली डेन्मार्कचा पशुवैद्य श्मिट या आजारावर कासेत औषध सोडायचा. पुढे लोक नुसती हवाच भरू लागले. कास फुगली की आतल्या दाबाने दूध बनणं थांबतं, रक्तातलं कॅल्शियम रक्तातच राहतं. कॅल्शियमचं कोडं सुटायच्या आधीच गाई वाचू लागल्या होत्या!

पाऊण बाटली गेली तेव्हा मांड्यांचे स्नायू थरथरले. मग मोठा ढेकर, मग शेण. मालकाची आई "माय वं!" म्हणत मागे सरकली, कारण गाय धडपडत उभीच राहिली.

"दोन दिवस कास रिकामी करायची नाही. वासरापुरतं काढा. आणि पुढच्या खेपेला शेवटचा महिना त्या बाटल्याही नकोत, खांबही नको."

आजींनी मान डोलावली, आत गेल्या आणि वेलदोडा घातलेला खरवस वाटीभर घेऊन आल्या. पातेलं अजून चुलीशेजारीच होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या.