मेव्हणा खड्ड्यातच राहिला: क्रेव्हास सराव आणि गाइडचा प्रश्न

मागच्या अपडेटनंतर सगळ्यांचा एकच प्रश्न होता: मार्चमध्ये व्हॅले ब्लांशला (फ्रान्समध्ये शामोनीजवळ हिमनदीवरून स्की करत उतरायची वाट) गाइड घेणार की नाही? तेव्हा उत्तर लटकत ठेवलं होतं. या रविवारी उत्तराऐवजी मेव्हणाच लटकत राहिला, तेव्हा आता सविस्तर लिहितो.

नव्यांसाठी एका ओळीत: क्रेव्हास म्हणजे हिमनदीतली खोल भेग, तिच्यात पडलेल्याला वर काढायचा सराव आम्ही ठाण्यातच करतो, कारण कोलशेतला ओळखीच्या कंत्राटदाराचं बांधकाम चालू आहे. बेसमेंटची खोदाई झालीय, रिटेनिंग वॉल उभी आहे आणि शेजारी क्रश सँडचा ढीग आहे. ठाण्यात याहून बरा क्रेव्हास मिळायचा नाही. मुंब्र्याच्या कातळावर प्रुसिक आणि जुमारिंग (दोरावर पकड घेणाऱ्या गाठींनी किंवा क्लँपने दोर चढणं) झकास होतं, पण तिथली कड दगडाची, दोर तिच्यावरून सरळ घसरतो. बर्फाच्या कडेत दोर चिरत जातो, रुततो, आणि खरी मारामारी तिथेच असते. म्हणून या वेळी ओल्या रेतीने अर्धवट भरलेल्या गोणी भिंतीच्या कडेवर रचल्या. वॉचमनला वाटलं आम्ही पूर येण्याची तयारी करतोय.

आधी जमलेलं सांगतो, कारण ते फार थोडं आहे. टी-स्लॉट अँकर (आडवी वस्तू पुरून दोरासाठी केलेला आधार) जमला! गुलमर्गहून आणलेल्या जुन्या स्की माळ्यावरून काढल्या, रेतीत ओढीच्या आडव्या दिशेने चर खणला, दोन्ही स्की एकत्र पुरल्या, मधोमध स्लिंग (शिवलेल्या पट्ट्याचा फास), आणि स्लिंगसाठी ओढीच्या दिशेने वेगळी अरुंद खाच. ही खाच तिरकी आणि लांब हवी. ती आखूड राहिली तर ओढ वरच्या बाजूला लागते आणि अँकर उपटून हातात येतो. स्कीच्या पोलादी कडा स्लिंग कापू शकतात, तिथे जुन्या लेदरच्या हातमोज्याची गुंडाळी केली. ओली क्रश सँड दाबून बसवली की वाऱ्याने घट्ट झालेल्या बर्फासारखी वागते, निदान अँकरच्या बाबतीत. आम्ही तिघांनी मिळून ओढलं, हललं नाही. ऑक्टोबर हीटमध्ये स्कीबूट घालून चर खणायचा अनुभव ज्याला हवा त्याने जरूर यावं.

आता मुख्य रडगाणं.

मेव्हणा सॅक आणि बुटांसकट ८२ किलो. इमारतीच्या कॉलमला दुसरा दोर बांधून ग्रिग्रीवर (झटका बसला की दोर आपोआप धरणारं उपकरण) बॅकअप ठेवला होता, तेव्हा घरच्यांनी काळजी करू नये. तो भिंतीवरून खाली लटकला, मी अँकर केला, भार त्यावर घेतला, झेड-पुली (दोर झेडसारखा फिरवून ओढ वाढवणारी रचना) लावली आणि खेचायला लागलो. दोर हातभर आला आणि थांबला. खालून आवाज: "दाजी, खेचा ना!" दाजी खेचतच होते.

झालं असं की दोन माणसांच्या दोरीत मधल्या भागात आपण बटरफ्लायच्या गाठी मारतो. कोणी पडलं तर त्या गाठी कडेच्या बर्फात अडकतात आणि वरच्या माणसाला फरफटत जाऊ देत नाहीत. उत्तम कल्पना. पण जी गाठ पडणाऱ्याला अडवते तीच वर खेचतानाही अडवते. पहिली गाठ गोणीत रुतली ती रुतलीच. कडेवर पोल आणि रिकामी सॅक सरकवून पाहिली. गाठ गोणीतून कशीबशी निघाली, तर पुढे मायक्रो ट्रॅक्शन (दोर एकाच दिशेने जाऊ देणारी दातवाली पुली) आडवा. पुलीतून गाठ जात नाही, जाणारही नाही.

गाठी नसत्या तरी गणित सोपं नाही. पुस्तकी झेड ३:१ चा, म्हणजे हातात एक किलो ओढ तर वर तीन किलो. चांगल्या पुलीत साधारण ९० टक्के ओढ पुढे जाते, म्हणजे १ + ०.९ + ०.८१, एकूण २.७१. ८२ किलोला हातात ३० किलो. पुलीऐवजी नुसते कॅराबिनर लावले आणि ६० टक्के धरले तर १ + ०.६ + ०.३६, जेमतेम १.९६, म्हणजे हातात ४२ किलो. हे सगळं कडेचं घर्षण शून्य धरून. गोणीवर कडेनेच एवढं खाल्लं की चांगल्या पुल्या लावूनही मी मागे झुकून, टाचा रोवून इंच इंच मिळवत होतो. हे समुद्रसपाटीवर, मिसळ खाऊन. व्हॅले ब्लांश जिथून सुरू होते ते एग्वी द्यू मिदीचं केबल कार स्टेशन ३७७७ मीटरवर आहे आणि शामोनीहून तिथे अर्ध्या तासाच्या आत पोचवतात. त्या दमात एकट्याने ८२ किलो?

गाठींवरचा उपाय माहीतच आहे: गाठींचा दोर विसरायचा, मोकळ्या टोकाचा लूप पुलीसकट खाली सोडायचा, खालच्याने तो हार्नेसला अडकवायचा. ड्रॉप लूप, २:१, आणि त्यावर झेड चढवला की कागदावर ६:१. नवा दोर कडेवर पॅडिंग घालूनच सोडता येतो, त्यामुळे तो रुतत नाही. पण दोर येणार कुठून? आमचा दोर ३० मीटरचा. दोघांमध्ये १५ मीटर, उरलेला दोघांच्या अंगावर साडेसात-साडेसात. खाली गेलेल्याचे साडेसात त्याच्याबरोबर खाली. माझ्या साडेसातचा लूप केला तर अँकरपासून कडेपर्यंतचं अंतर वजा जाता तो पडलेल्याच्या हेल्मेटलाही पोचेल की नाही शंका. म्हणजे दोनच माणसं, एकच ३० मीटर दोर आणि मध्ये गाठी, हे समीकरण सुटतच नाही. दोर लांब हवा, किंवा दोन हवेत, किंवा माणसं तीन हवीत. खालचा शुद्धीवर असेल तर तो प्रुसिकवर स्वतः चढू शकतो, मेव्हणा तसा चढलाही. पण खांदा निखळलेला माणूस चढणार नाही.

इथपर्यंत लिहून जेवायला उठलो आणि ताटावर एक गोष्ट लक्षात आली, म्हणून पुढचा मजकूर मुळात ठरवला होता त्याहून वेगळा आहे. व्हॅले ब्लांश हा जवळजवळ सगळा उतार आहे. साधारण २० किलोमीटर, बर्फ खालपर्यंत असेल तर थेट शामोनीपर्यंत सुमारे २७०० मीटर उतरायचं. उतारावर स्की करताना सहसा दोरात बांधून घेत नाहीत. वेग असतो, वळणं असतात, एक पडला की दुसऱ्याला ओढून नेतो. हार्नेस अंगावर, स्लिंग बाहेर काढून ठेवलेली, आणि दोर सॅकमध्ये. म्हणजे गाठींचा हा सगळा गोंधळ फक्त हेलब्रॉनरकडे (इटलीच्या सीमेवरचं शिखर) स्किन (स्कीखाली चिकटवायची पकडीची पट्टी) लावून चढायच्या बेतापुरता आहे. तो बेत रद्द. गेला. दोन वर्षांनी बघू.

पण उतारावर वेगळाच पेच निघतो: ज्याच्या सॅकमध्ये दोर आहे तोच आत गेला तर? म्हणून प्रत्येकाकडे स्वतःचा दोर हवा. यातूनच गाइडच्या प्रश्नाला माझं उत्तर सापडलं, आणि ते थोडं विचित्र आहे: गाइड घ्यायचा, आणि सरावही सोडायचा नाही. गाइड घेणार तर मग हा रेतीतला तमाशा कशाला, असं अण्णा म्हणाले (ट्रेकवाले अण्णा, तुम्ही ओळखता). अण्णा, नव्या उतारावर गाइड बहुतेक वेळा सगळ्यात पुढे असतो. स्नो ब्रिज (भेगेवर साचलेला बर्फाचा पूल) कोसळला तर पहिला तोच जाणार. मग वर राहणार कोण? आपण.

मग गाइड कशासाठी? वाटेसाठी. आपण सगळे इथेच जास्त फसतो, कारण स्की येते म्हणजे हिमनदी येते असं वाटतं. गुलमर्गला गोंडोलाच्या फेज टूवरून (वरचा टप्पा) अफरवाट उतरणारी आपली मंडळी व्हॅले ब्लांशची वळणं सहज मारतील; उतार तसा कठीण नाही. पण तो पिस्ट (आखलेली, राखलेली स्की वाट) नाही. खुणा नाहीत, गस्त नाही, खाली दडलेल्या भेगांवर ताजा बर्फ सारखाच गुळगुळीत दिसतो. तळाचा खडक जिथे फुगतो तिथे वरची हिमनदी ताणली जाते आणि फाटते. याच वाटेवरचा सेराक द्यू जेआँचा (बर्फाचे सुळके आणि भेगा) तुटका पट्टा असाच. हे फुगवटे जागच्या जागी राहतात, पण बर्फ वाहत राहतो, त्यामुळे भेगा आणि पूल दर हंगामात, कधी दर आठवड्यात बदलतात. मला एकाने गेल्या मोसमातल्या वाटेची जीपीएस नोंद (जीपीएक्स फाइल) पाठवलीय. आभार, पण तिच्यावर विसंबून मी मेव्हण्याला पुढे पाठवणार नाही. त्याच्या बहिणीला, म्हणजे बायकोला, काय तोंड दाखवू? तिथला गाइड काल-परवा त्याच वाटेने उतरलेला असतो. शिवाय केबल कार स्टेशनच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरची ती अरुंद धार! पाठीवर स्की, दोन्ही बाजूंना उतार. तिथे गाइड दोरात बांधून उतरवतो, आणि तिथेच अनेकांचे पाय थरथरतात म्हणे.

पैशांचं म्हणाल तर खाजगी गाइड दिवसाचे काही शे युरो घेतो, पण दर सहसा गटामागे असतो, माणशी नाही. गाइड निवडताना आयएफएमजीए/यूआयएजीएमचा (डोंगरी गाइडांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) बिल्ला बघा. नुसता स्की इन्स्ट्रक्टर आणि हाय माउंटन गाइड यांत फरक आहे, हिमनदीवर दुसरा हवा. विम्याचे कागदही बारीक वाचा: अनेक पॉलिसींत ऑफ-पिस्ट गाइडबरोबर असेल तरच धरतात, काहींत अजिबात नाही. फ्रान्समध्ये उंच डोंगरातली पीजीएचएमची (तिथलं पोलिसी बचावपथक) सुटका मोफत असते, पुढचं हॉस्पिटल नाही.

बेत आणखी एका जागी बदलला. एका दिवसाचा गाइडेड उतार घेण्याऐवजी दोन दिवस घ्यावेत: पहिला वाटेवरच्या जेआँच्या पठारावर फक्त क्रेव्हास रेस्क्यूचा, खऱ्या बर्फाच्या खऱ्या कडेवर, दुसरा पूर्ण उताराचा. गोणीवरचं शिक्षण किती टिकतं ते पहिल्याच दिवशी कळेल. तसं ईमेल दोन गाइडना टाकलंय. एकाने लगेच विचारलं, दोघांपैकी अँकर कोण करतो? प्रश्न आवडला, बहुधा त्यालाच घेऊ. दुसऱ्याने फक्त दरपत्रक पाठवलं.

सामानाचं थोडक्यात. मायक्रो ट्रॅक्शन आणि टिब्लॉक (दोरावर पकड घेणारा छोटा दातवाला क्लँप) पैसावसूल. दोराबाबत मात्र डोकं फिरलंय. ६ मिमीचा रॅड लाइन (हिमनदीसाठीचा बारीक दोर) मागवला होता, मुंबईतल्या एका दुकानाने साधी ६ मिमीची नायलॉन कॉर्ड पाठवली, वर "सर, सेमच आहे". सेम नाही! रॅड लाइन हायपरस्टॅटिक (जवळजवळ न ताणणारा) आहे आणि या दातवाल्या उपकरणांसाठी तपासलेला आहे. साध्या कॉर्डचं आवरण ते दात फाडू शकतात, आणि ती भाराखाली ताणली जाते, म्हणजे तुमचा निम्मा जोर नुसता ताण भरण्यात जातो. परत पाठवलीय. दोर घेताना पाकिटावरचं नाव आणि मानक स्वतः वाचा, दुकानदाराचं ऐकू नका. ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) तीन अँटेनांचेच घेतलेत, ४५७ किलोहर्ट्झ. त्यांचा सराव पुढच्या वेळी येऊरच्या पायथ्याशी पालापाचोळ्यात लपवून. प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं आधीच आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा कोलशेत: गाठींशिवाय, दोन दोर, ड्रॉप लूप, आणि या वेळी खड्ड्यात मी. मेव्हणा ६:१ ने मला किती वेळात वर काढतो ते घड्याळ लावून बघायचंय. ग्रिग्रीवर अण्णा.

आणि हो, गाइडचा दर गटामागे असल्याने चौथी जागा रिकामी आहे. मार्चचा दुसरा आठवडा. फेज टू सगळ्या प्रकारच्या बर्फात नीट उतरता येणं ही पहिली अट, एक रविवार कोलशेतच्या खड्ड्यात घालवणं ही दुसरी. खाली बर्फ कमी असला तर शेवट हिमनदीच्या काठावरच्या माँतानव्हेर स्टेशनहून शामोनीला जाणाऱ्या रेल्वेने. २०२४ पासून तिथे नवी गोंडोला आहे, त्यामुळे हिमनदीवरून स्टेशनला चढायच्या त्या पाचशेहून जास्त पायऱ्या वाचतात. स्वतःचा रॅड लाइन असलेल्याला प्राधान्य.